मधल्या सुटीतला फेरफटका

आमच्या सासूबाईंनी सुनांची नावं कधीच वापरली नाहीत. ‘थोरले’ म्हटलं की मी जाते आणि ‘धाकटे’ म्हटलं की माझी जाऊ. या दोन हाकांवर त्यांनी सगळा संसार चालवला. आता तर शेजारपाजारचेही आम्हाला तसंच ओळखतात. ही हकीकत धाकटीची आहे. तिला कळलं तर म्हणेल, “माझ्यात काय आहे ताई लिहिण्यासारखं? तेवढ्या वेळात दोन पडदे शिवून झाले असते.”

पडदे मी शिवते. पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन आहे, आणि मधल्या खोलीत सासूबाईंची खाट. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवरच असतात. त्यांना कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, ते सगळं धाकटी करते. माझी कंबर कधीच कामातून गेली आहे, मी वाकले की मलाच कुणीतरी सरळ करावं लागतं. म्हणून आमच्यात वाटणी झाली. उचलायचं तिनं, भरवायचं मी, आणि बोलणी दोघींनी निम्मी निम्मी खायची.

लग्नाआधी धाकटी एका छोट्या कंपनीत हिशेबाचं काम करायची. आकड्यांची तिला गोडी. आपण आकडे नुसते मांडतो, पण ते असे का चालतात ते कळायला हवं, असं तिला वाटायचं. म्हणून लग्नानंतर उशिरानं तिनं विद्यापीठात वित्त विषयाला नाव घातलं. पहिलं वर्ष रोज गेली. दुसऱ्या वर्षाच्या तोंडाशी सासूबाई न्हाणीघरात पडल्या, आणि ती घरी बसली ती बसलीच.

त्याच वर्षी त्यांच्या विभागानं एक नवी रीत काढली. ज्यांना येता येईल त्यांनी वर्गात बसायचं, ज्यांना नाही त्यांनी घरून लॅपटॉपच्या पडद्यावर हजेरी लावायची. तास एकच, सर एकच, गणितं तीच. धाकटीला हे कळलं त्या दिवशी ती स्वयंपाकघरात हात पुसत उभीच राहिली. मी देवापुढे बसले होते. मी म्हटलं, “अगं, मी आत्ता तुझ्यासाठीच मागत होते काहीतरी.” ती म्हणाली, “मग अजून थोडं मागा ताई, आपलं इंटरनेट टिकू दे म्हणावं.”

तास दुपारी असायचा. सासूबाईंच्या खाटेशेजारी तिवई, तिवईवर लॅपटॉप, आणि धाकटी जमिनीवर भिंतीला टेकून. सुरुवातीला ती एकाच कानात इअरफोनचं बोंडूक घालायची. एक कान वर्गात, एक कान घरात. पण सासूबाईंना ते खपेना.

“ते बोंडूक काढ कानातलं. मलाही ऐकू दे काय सांगतो तुझा मास्तर. छताकडे बघून बघून मला त्याच्या भेगा पाठ झाल्यात.”

तेव्हापासून वर्ग आमच्या मधल्या खोलीत उघडपणे भरायला लागला. मशीनचा खडखडाट नको म्हणून मी तेवढा वेळ हातशिलाई करायची, पडद्यांच्या कडा दुमडत. बाहेर ऊन उतरलेलं असायचं, गल्ली झोपलेली, आणि सरांचा आवाज असा मऊ की वाटावं, कुणी लांबून पाण्यावरून बोलतंय. मला त्यातलं फारसं कळायचं नाही. पण ऐकत राहावंसं वाटायचं.

पोरांनी सरांचं नाव ठेवलं होतं चक्रवाढ. कारण प्रत्येक तासाला ते आधीचं सगळं पुन्हा सांगायचे आणि मग त्यावर थोडंसं नवीन चढवायचे. एकदा म्हणाले, “आजच्या पैशाची किंमत उद्याच्या पैशाहून जास्त असते, कारण तो आज आपल्या हातात आहे.”

सासूबाई लगेच म्हणाल्या, “ऐकलंस ना, धाकटे? म्हणून चहा आत्ताच दे. उद्या दिलास तर त्याची किंमत कमी.”

धाकटी हसली. तिचा माइक बंदच असायचा म्हणून बरं. खाटेची करकर, सासूबाईंचा खोकला, मध्येच त्यांना वळवायची वेळ, हे सगळं वर्गाला कशाला ऐकवायचं? चेहराही ती दाखवत नसे, कारण मागे खाट दिसायची. सरांनी काही विचारलं की मात्र ती उत्तर द्यायची. मोठ्यानं, स्वच्छ, अगदी शाळेत उभं राहून द्यावं तसं. फक्त ते आमच्या चार भिंतींत राहायचं. उत्तर बरोबर निघालं की सासूबाई खाटेवर बोटं आपटायच्या, तेवढीच शाबासकी.

आता मुख्य गोष्ट सांगते.

सरांचा आवाज बारीक, म्हणून विभागानं त्यांच्या कॉलरला एक चिमुकला माइक लावून दिला होता. मधली सुटी झाली की घरून शिकणारी मंडळी चहाला उठायची. सरही उठायचे. पण माइक काढायचं त्यांच्या ध्यानात यायचं नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा धाकटी आवाज कमी करायला पुढे वाकली आणि तशीच थांबली.

पडद्यावर रिकामी खुर्ची दिसत होती आणि सर मात्र चालत होते. दार करकरलं. मग पावलं घुमायला लागली, म्हणजे लांब, उंच छताची जागा असणार. मग एक एक पायरी. मग एकदम घुमणं संपलं, उघड्यावर आल्यासारखं. बुटांखाली वाळकी पानं चुरली. कुठेतरी नळ सुटला, ओंजळीनं तोंड धुतल्याचा आवाज आला. पाखरं. सरांचं स्वतःशीच गुणगुणणं, सूर कधीच न लागणारं. मग पुन्हा पानं, पुन्हा पायऱ्या, पुन्हा ते करकरणारं दार.

धाकटीचा हात सासूबाईंच्या पायावर होता, तेल लावता लावता थांबलेला. डोळे मिटलेले.

मी विचारलं, “कुठे गेली होतीस गं?”

“कॉलेजात,” ती म्हणाली.

त्यानंतर ती दर मधल्या सुटीत जायला लागली. पहिल्या वर्षी ती जिथे शिकली ती इमारत वेगळी होती. ही नवी तिनं कधी पाहिलेलीच नव्हती. पण तिनं ती मनात पूर्ण बांधून काढली. “दारातून बाहेर पडलं की लांब व्हरांडा आहे ताई. मग जिना. खाली उजव्या हाताला नळ. आणि झाड आहे, मोठं. एवढं मोठं की त्याच्याखाली आवाज बदलतो.”

“झाड कशावरून?”

“पानं वाजतात ना.”

घराबाहेर पडायला तिला मिळायचंच कुठे? भाजी आणायची तीही धावत जाऊन धावत यायची. पण मधल्या सुटीतून परत आली की तिच्या चेहऱ्यावर खरंच बाहेरचा वारा लागल्यासारखं दिसायचं. एकदा तर मला तिच्या केसांत वाळकं पान दिसल्याचा भास झाला. हात नेला तर माझ्याच पडद्याचा दोरा होता.

मला ते पटत मात्र नव्हतं. मी म्हटलं, “धाकटे, माणसाच्या नकळत त्याच्या सोबत चालायचं म्हणजे बरं दिसत नाही. देव बघतो.”

“सांगते ताई. पुढच्या तासाला सांगते सरांना.”

पुढचा तास यायचा, जायचा. मीही फार टोकलं नाही. उपाशी माणसाच्या पानातून घास कोण उचलेल?

आणि मग एक दिवस त्या फेरफटक्यात सर बोलले. नळापाशी शिपाईकाका भेटले असावेत. काकांनी विचारलं, “काय सर, आज थकलेले दिसता?”

सर म्हणाले, “काका, तुम्ही कधी विहिरीत दगड टाकलाय, आणि आवाजच आला नाही, असं झालंय?”

“आवाज यायलाच हवा, सर. पाणी नसलं तरी खडकाचा येतो.”

“मला येत नाही. पडद्यावरच्या त्या काळ्या चौकोनांना मी वर्षभर शिकवतोय. विचारतो, कुणी बोलत नाही. ऐकतात की झोपतात देव जाणे. पुढच्या आठवड्यात विभागानं पोरांची मतं ऐकायला सांगितलंय, पण माझं मत ठरलंय. पुढच्या सत्रापासून सगळे वर्गात. नाहीतर नाही.”

धाकटीनं लॅपटॉपचं झाकण हळूच अर्धं मिटलं, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं. तिची शेवटची दोन सत्रं राहिली होती. वर्गात जायचं तर सासूबाईंना उचलणार कोण?

सासूबाईंना सगळं कळलं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि त्या दिवशी चहा घेतला नाही. संध्याकाळी म्हणाल्या, “माझ्यामुळे तुझं शिक्षण बुडायला नको. मला ठेवा कुठेतरी.”

“कुठे ठेवू आई?” धाकटी त्यांना कुशीवर वळवत म्हणाली. “कपाटात मावणार नाही तुम्ही. आणि मावलात तरी आतून बडबडाल.”

सासूबाई हसल्या नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

जेवताना माझे दीर म्हणाले, “एवढं काय त्यात? सरांना सांग की मी ऐकत असते, उत्तरं देत असते. कळव तसं.”

“आणि ते विचारतील, तुम्ही झोपता असं मला वाटतं, हे तुला कुणी सांगितलं? तेव्हा काय सांगू? तुमच्यामागे चोरून चालत आले आणि नळापाशी ऐकलं?”

दीर भाताशी खेळत बसले. अडचण खरी होती. गप्प बसली तर शिक्षण जाणार. बोलली तर आधी स्वतःची चोरी सांगावी लागणार, आणि तो फेरफटका तर कायमचाच जाणार. मतांच्या दिवसापर्यंत तिनं नुसतं मनातल्या मनात वाक्य जुळवलं. भांडी घासताना ओठ हलायचे, वाळत घालताना हलायचे. सासूबाईंना तर रोज ऐकवून दाखवायची. “आई, असं म्हणू का? की तसं म्हणू?”

तो दिवस उजाडला. सर म्हणाले, “आज मी शिकवणार नाही. ही अर्धी घरची, अर्धी वर्गाची पद्धत तुम्हाला कशी वाटते, ते मोकळेपणानं सांगा.”

वर्गातली पोरं आधी बोलली. एक जण म्हणाला, “घरच्यांची मजा आहे, सर. गादीवर लोळत डिग्री.”

हशा झाला. घरून एका मुलीचा आवाज आला, चिडलेला. “या इकडे आणि लोळा. माझ्या मांडीवर बाळ, वर बाळाचा भोंगा. आणि सर, आम्हाला फळ्याचा उजवा भाग कधीच दिसत नाही. सूत्र अर्धं दिसतं, बरोबरच्या चिन्हापर्यंत. पुढचं आम्ही देवाच्या भरवशावर लिहितो.”

“वर्षभर?” सर म्हणाले.

“वर्षभर. आम्हाला वाटलं, वर्गात आलेल्यांनाच सगळं मिळावं, म्हणून तसं ठेवलं असेल.”

तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “सर, तुम्ही रागावणार नसाल तर सांगतो. आम्हाला पूर्ण फळा दिसतो, पण तुम्ही ऐकूच येत नाही. तुम्ही त्या माइकशी बोलता. आम्हाला वाटायचं, घरच्यांना सगळं मिळतंय.”

मी सुई थांबवली. म्हणजे बघा, अर्ध्यांना दिसत होतं आणि ऐकू येत नव्हतं, अर्ध्यांना ऐकू येत होतं आणि दिसत नव्हतं, आणि दोघंही एकमेकांचा हेवा करत बसले होते. आंधळ्या-पांगळ्याच्या गोष्टीत निदान एक दुसऱ्याच्या खांद्यावर तरी बसतो.

सर थकल्या आवाजात म्हणाले, “म्हणजे ही पद्धत कुणाच्याच उपयोगाची नाही. तर मग मी विभागाला कळवतो...”

धाकटीनं माइकवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. इतके दिवस जुळवलेलं वाक्य तोंडातून निघेना. माइक मात्र उघडला गेला होता, आणि ते तिला कळलं नाही.

“बोल की आता, धाकटे!” सासूबाई खाटेवरून गरजल्या. “आठवडाभर माझं डोकं खाल्लंस, आणि आता दातखीळ बसली होय?”

सबंध वर्गाला ते ऐकू गेलं. पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं.

“कोण बोलतंय?” सरांनी विचारलं.

“माझ्या सासूबाई, सर,” धाकटी म्हणाली. “मी घरून असते. त्या खाटेवर आहेत, त्यांना उचलायला माझ्याशिवाय कुणी नाही. म्हणून माइक बंद ठेवते. पण तुम्ही जे विचारता त्याचं उत्तर मी दर वेळी देते, सर. मोठ्यानं देते. त्यांना विचारा.”

“देते देते,” सासूबाई म्हणाल्या. “बहुतेक बरोबर असतं. जोखमीच्या धड्यात दोनदा चुकली.”

या वेळी सगळा वर्ग हसला. धाकटी हसली नाही. तिनं पदर मुठीत धरला होता.

“आणखी एक सांगायचंय. मधल्या सुटीत तुमचा माइक चालू राहतो, सर. सगळे उठतात. मी उठत नाही. तुम्ही नळापर्यंत जाता, झाडाखालून जाता, ते मी ऐकत असते. मी घरातून बाहेर पडत नाही, म्हणून. मला आधीच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे. तुम्ही काकांशी बोललात तेही ऐकलं. सर, तुमचा दगड पाण्यात पडतो. आवाज आमच्या घरात राहतो, एवढंच.”

मग तिनं माइक बंद केला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. लॅपटॉपमधून सरांचा श्वास ऐकू येत होता, अगदी जवळून. मग कॉलर चाचपल्याची खरखर, एक ठक्, आणि पुढे काही नाही. पडद्यावर सर टेबलाशी उभे दिसत होते, हातात काहीतरी बारीकसं धरून, त्याकडे बघत.

“रागावला मास्तर,” सासूबाई म्हणाल्या. “पण तू बोललीस ते बरं केलंस. आता चहा कर. मलाही दे.”

पुढच्या तासाला कॅमेरा फळ्यापासून लांब सरकवलेला होता. वर्गात खांबाजवळ एक स्पीकर आला होता. सरांनी वर्गातला एक आणि घरचा एक अशा जोड्या लावून दिल्या. धाकटीच्या वाट्याला नेमका तो गादीवर लोळण्याची टीका करणारा आला. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, “ताई, जोखमीचा धडा आजींकडून तपासून घेऊ ना?” विभागाला सरांनी काय कळवलं ते धाकटीला त्या जोडीदाराकडूनच समजलं. ही पद्धत डिग्री पूर्ण होईपर्यंत चालू राहणार होती, परीक्षा तेवढी आता घरून नाही, तिथे जाऊन द्यायची.

मी देवापुढे गेले आणि काही मागितलं नाही, नुसते हात जोडले.

मधली सुटी मात्र मुकी झाली. सर उठायचे, कॉलरवरचा माइक बंद करायचे आणि जायचे. करायलाच हवं होतं, त्यात त्यांचं काय चुकलं? धाकटी त्या वेळात सासूबाईंच्या पायाला तेल लावायची. डोळे उघडे. एकदा म्हणाली, “ताई, आत्ता ते जिन्यापाशी असतील.” मी म्हटलं, “असतील.” बाहेर दुपार तशीच पडलेली होती, आणि खिडकीतून माझ्या अर्धवट पडद्यांतून ऊन गाळून येत होतं.

असे बरेच तास गेले. मग एका दुपारी सुटी झाली, सर उठले, आणि दार करकरलं.

धाकटीचा हात थांबला. मी सुई खाली ठेवली.

पावलं घुमली. पायऱ्या आल्या. मग शिपाईकाकांचा आवाज, आणि सरांचा, नेहमीपेक्षा जरा मोठा. “काका, बघितलंत का? झाडाला खालच्या फांदीला नवी पालवी आली. तांबूस आहे, हाताच्या अंगठ्याएवढी पानं. आणि वर कुणीतरी घरटं बांधलंय, काड्या खाली पडल्यात.”

“दिसतंय की सर. मी रोज इथंच असतो.”

“आणि नळाच्या खाली शेवाळ आलंय, हिरवंगार. ऊन बरोबर तिथपर्यंत येतं आणि थांबतं.”

काका सरांकडे कसे बघत असतील, ते मला न बघता दिसलं.

सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, “वेड लागलं मास्तरला. शिपायाला त्याचंच झाड दाखवतोय.” आणि थोड्या वेळानं, हळूच, “तांबूस म्हणाला ना?”

“तांबूस म्हणाले, आई,” धाकटी म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते.

परीक्षेच्या दिवशी दोन्ही मुलगे रजा काढून आईजवळ थांबले. सासूबाई म्हणाल्या, “दोन सुनांचं काम करायला दोन पुरुष लागले, तरी मला वाटतं मी खाली पडणार.” धाकटी घाबरली होती म्हणून मी तिच्याबरोबर गेले. व्हरांड्याच्या तोंडाशी ती मला म्हणाली, “ताई, मला सगळं माहीत आहे, या माझ्यामागे,” आणि तरातरा निघाली ती थेट भांडारखोलीत शिरली. करकरणाऱ्या दाराला त्याच आठवड्यात तेल घातलं होतं, त्यामुळे तिला वर्ग सापडेचना. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची भीती तिथेच पळाली.

पेपर चांगला गेला. बाहेर आल्यावर तिला तहान लागली होती. खाली झाडाजवळ एक पाठमोरे गृहस्थ शिपायाशी बोलत उभे होते, बारीक अंगाचे, खांद्यावर खडूची पूड. धाकटीनं शिपायाला विचारलं, “काका, नळ कुठे आहे?”

गृहस्थांनी वळून पाहिलं. त्यांनी तिचा चेहरा कधी बघितला नव्हता, पण आवाज ऐकला होता.

“डाव्या हाताला,” ते म्हणाले. “पण तुम्हाला ते माहीत असेल, असं मला वाटलं होतं.”

“मी उजव्या हाताला समजत होते, सर.”

“मग मी सांगायला चुकलो,” सर म्हणाले, आणि तिला वाट देऊन बाजूला झाले. ती नळाशी गेली, ओंजळीनं पाणी प्यायली, तोंडावर मारलं. शेवाळ होतं. ऊन तिथपर्यंत आलं होतं आणि थांबलं होतं.

घरी पोचलो तर सासूबाई दाराकडे तोंड करूनच पडल्या होत्या. पेपर कसा गेला, ते विचारलंच नाही.

“झाड कसं होतं?”

“ऐकलं होतं त्यापेक्षा लहान आहे, आई,” धाकटी म्हणाली, आणि त्यांना उठवून बसवायला वाकली.

“मग एवढ्या लांब कशाला गेलीस,” सासूबाई म्हणाल्या. तिच्या केसांत अडकलेलं पान त्यांनीच काढलं, आणि उशीखाली ठेवलं.